मोटुल आरबीएफ ६०० ब्रेक ऑइल: ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीत आधी हे भरा

नागपुरात गाडी मॉडिफाय करायची म्हटली की पैसा रीमॅप (इंजिनच्या संगणकाची सेटिंग बदलून ताकद वाढवणं), इनटेक, डाउनपाइप आणि १७ इंची अलॉयवर जातो. ट्रॅक-डे, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस, जवळ आला की ब्रेकची आठवण होते, पण बोलणं होतं ते पॅडचं. ब्रेक ऑइल जुनंच राहतं, आणि दिवस बहुधा तिथेच बिघडतो.

समृद्धीवर तासभर १२० ने गाडी चालवली तरी ब्रेकची परीक्षा होत नाही, कारण ते फारसे लागतच नाहीत. ट्रॅकवर प्रत्येक लॅपला अनेकदा जोरात ब्रेक मारावे लागतात आणि मधल्या वेळात डिस्क पुरती थंड होत नाही. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर तर मागची सरळ, म्हणजे वळण नसलेला पट्टा, १ किलोमीटरहून लांब आहे. रीमॅपमुळे सरळीच्या टोकाचा वेग १२० चा १४० झाला, तर ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा किमान ३६ टक्क्यांनी वाढते. ती उष्णता पॅडमधून त्याला डिस्कवर दाबणाऱ्या पिस्टनमध्ये आणि पिस्टनमधून ऑइलमध्ये उतरते. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल सरळ तळाला जातं.

आरबीएफ ६०० चं खरं मोल इथे आहे. मानकाप्रमाणे डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनांक कोरडं (म्हणजे पाणी न शोषलेलं) असताना किमान २३० अंश आणि सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यावर किमान १५५ अंश लागतो. आरबीएफ ६०० कोरडं असताना ३१२ अंशांवर उकळतं, आणि पाणी शोषल्यावरही २०० च्या वर राहतं. ते ग्लायकॉल जातीचंच असल्यामुळे कंपनीचे रबरी सील आणि एबीएस यांना चालतं. सिलिकॉनच्या डॉट ५ मध्ये मात्र ते कधीही मिसळू नये. अतिथंडीत हे ऑइल नव्या पातळ डॉट ४ ऑइलपेक्षा घट्ट होतं. युरोपातल्या हिवाळ्यात तो मुद्दा असेल, विदर्भातल्या थंडीत त्याची चिंता नको.

५०० मिलीच्या दोन बाटल्या घ्या. छोट्या हॅचबॅकमध्ये एकाने भागेल असं वाटतं, पण जुनं ऑइल पूर्ण बाहेर ढकलायला एक पुरत नाही. रंगही साध्या ऑइलसारखाच पिवळसर, त्यामुळे नवं कधी आलं ते डोळ्यांना नीट कळत नाही. म्हणून मापानेच काढावं: मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणारा भाग) सर्वांत लांबच्या चाकाला २५० मिली, बाकीच्यांना १५० ते २०० मिली. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने लांबचं चाक बहुतेक गाड्यांत मागचं डावं असतं, तरी क्रम गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच ठेवा.

पॅड बदलायचे असतील तर ते आधी. पिस्टन मागे ढकलताना निपल (ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) उघडा ठेवा, नाहीतर कॅलिपरमधला, म्हणजे पिस्टन आणि पॅड धरणाऱ्या भागातला, काळा गाळ उलटा एबीएसच्या ब्लॉकमध्ये जातो. मग ब्रेक ऑइलच्या टाकीतलं जुनं ऑइल सिरिंजने ओढून घ्या आणि नवं भरा. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक ताज्या ऑइलमध्ये बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव आटा सैल करायचा आणि तो बंद केल्याशिवाय पेडल सुटू द्यायचं नाही. नळीत आधी गढूळ ऑइल येतं, मग मोहरीएवढे बुडबुडे, मग अखंड स्वच्छ धार. ती धार दिसल्यावरही ठरलेलं माप पूर्ण करा. टाकीतलं ऑइल ‘मिन’ खुणेच्या खाली गेलं की हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून.

गॅरेजमध्ये इथे दोन चुका हमखास होतात. जुन्या गाडीचं पेडल तळापर्यंत हाणतात. मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या भागात गंज साचलेला असतो, त्यावर सील फाटतं, म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. दुसरी चूक म्हणजे क्लच विसरणं. पोलोसारख्या गाडीत क्लच त्याच टाकीतून ऑइल घेतो, त्यामुळे क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरमधूनही (क्लच सोडवणारा भाग) जुनं ऑइल आणि हवा काढावी लागते. काम झाल्यावर पेडल पायाखाली वरच आणि कडक लागलं पाहिजे. दोनतीनदा पंप केल्यावरच कडक होत असेल तर आत हवा आहे. रंगावर थेंब उडाला तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलून निघतो.

उणिवाही आहेत. साध्या डॉट ४ पेक्षा हे कितीतरी महाग पडतं. शिवाय ते पाणी शोषतंच. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत टाकीचं झाकण तासभर उघडं ठेवून काम करू नका, आणि उघडलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षासाठी जपू नका. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीत वर्षातून एकदा, शक्यतो ट्रॅक-डेच्या आदल्या आठवड्यात, ते बदलावं.

हे ऑइल पॅडचं काम करणार नाही. पेडल मऊ होऊन खाली गेलं तर ऑइल उकळलं. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून त्यांची पकड सुटली, आणि तिथे ऑइल कितीही भारी असलं तरी उपयोग नाही. कंपनीचे पॅड ठेवून फक्त ऑइल बदललं असेल तर सलग तीन-चार लॅपनंतर एक लॅप हळू मारा. पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाडी थांबवायची जागा) आल्यावर हँडब्रेक ओढू नका, चाकाला ठोकळा लावा.

वर्षातून दोनतीनदा ट्रॅकवर जाणाऱ्या आणि नागपुरात रोज बर्डी ते हिंगणा धावणाऱ्या गाडीसाठी आरबीएफ ६०० डोळे झाकून घ्यावं. त्याहून जास्त जाणार असाल तर कॅस्ट्रॉल एसआरएफ बघा. कोरड्यात ते ३२० अंश म्हणजे थोडंच पुढे, पण ओल्यात २७० अंश, आणि त्याची जास्तीची किंमत तिथे वसूल होते. फक्त शहरात चालवायची असेल तर साधं ताजं डॉट ४ पुरे.