प्रकल्पाला काय घ्याल: अंजनेरीचं कंदीलपुष्प की गिल्बर्टचा पोटोरू?

पर्यावरणाच्या प्रकल्पात वाघ आणि गिधाडं घासून गुळगुळीत झालीत. वेगळं काही हवं असेल तर या दोन जाती बघा. दोघींचं बिऱ्हाड इतक्या थोड्या जागेत की एक वणवा पुरे.

गिल्बर्टचा पोटोरू म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियातला किलोभर वजनाचा, पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणारा प्राणी. नामशेष झाला असं धरलं होतं, पण 1994 मध्ये टू पीपल्स बे इथे पुन्हा सापडला. तो जगतो बहुतेक जमिनीखालच्या बुरशीवर. 2005 पासून काही पोटोरू बाल्ड बेटावर नेऊन सोडले. हे शहाणपण 2015 मध्ये कामी आलं, कारण त्या वर्षीच्या आगीत मूळ अधिवासाचा बहुतेक भाग जळाला. गोष्ट तयारच आहे, म्हणून प्रकल्प आठवड्यात उरकतो. पण सगळं वाचीव. तोंडी परीक्षेत 'तू स्वतः काय पाहिलंस?' विचारलं की पंचाईत.

कंदीलपुष्पाचं, म्हणजे कंदिलासारखं फूल येणाऱ्या छोट्या वनस्पतीचं, उलट. ही जात (शास्त्रीय नाव सेरोपेजिया अंजनेरिका) नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर, त्र्यंबक रस्त्यालगतच्या अंजनेरी डोंगरावर. कंदीलपुष्पांची करामत बघण्यासारखी असते: वासाला भुलून बारीक माशी नळीत उतरते आणि आतले खाली वळलेले केस तिला वर येऊ देत नाहीत. पुढे केस सुकतात, वाट मोकळी होते, आणि माशी पराग घेऊन दुसऱ्या फुलात पुन्हा फसायला निघते. (अक्कल नाही, पण झाडाचं काम होतं.) फुलं पावसाळ्यातच. नंतर वरचं झाड वाळतं आणि कंद मातीत पडून राहतो. तेव्हा दिवाळीनंतर जाग आली तर पोटोरूच बरा.

2017 मध्ये अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र झालं, तरी चराई, वणवे, गर्दी आहेच. वर रस्ता आणि रोपवेच्या प्रस्तावांवरून वाद झाले, त्याचं कात्रण प्रकल्पात लावता येईल. पोटोरूच्या प्रकल्पाला हे भांडण कुठून आणणार?

माझं मत कंदीलपुष्पाला, पण ऑगस्टमध्ये निसरड्या पायऱ्या चढायची तयारी हवी. आधी वनविभागाची परवानगी काढा. सोबत जाणकार घ्या, उगाच गवत तुडवत शोधू नका. कंद उकरायचा नाही, फूल तोडायचं नाही. आणि फोटो टाकताना लोकेशन बंद ठेवा, नाहीतर पुढच्या रविवारी तिथे रील काढणाऱ्यांची रांग लागेल.