घरबसल्या वैद्यकीय सल्ला: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वडिलांच्या रक्तदाबाच्या नियमित तपासणीसाठी व्हिडिओवरून वैद्यकीय सल्ला देणारी एक सेवा आम्ही आठ महिन्यांपूर्वी सुरू केली, तेव्हा येण्याजाण्याची दगदग आणि रांगेतले ताटकळणे वाचावे, एवढीच अपेक्षा होती. ती पूर्ण झाली आणि त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. या सेवेचे खरे मोल मला कळले ते पहिल्या दोन भेटींत.

पहिल्या भेटीआधीच सूचना आली होती की सात दिवस सकाळी आणि संध्याकाळी, पाच मिनिटे स्वस्थ बसल्यानंतर, प्रत्येक वेळी दोनदा रक्तदाब मोजून नोंदवावा. डॉक्टरांनी पहिल्या दिवसाच्या नोंदी वगळून उरलेल्या चोवीस नोंदींची सरासरी काढली. दवाखान्यात वडिलांचा वरचा आकडा नेहमी 150 च्या पुढे असे. घरची सरासरी 138/86 निघाली. दवाखान्यात 140/90 हा उच्च रक्तदाबाचा उंबरठा मानतात, तर घरी मोजताना तो 135/85 धरतात, आणि काही रुग्णांचा दाब केवळ डॉक्टरांसमोर बसल्यामुळे चढतो, हे त्यांनी वडिलांना सावकाश समजावून सांगितले. दाब थोडा जास्त होता, पण वाटत होता तितका नव्हता.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी औषधांचा डबा कॅमेऱ्यासमोर रिकामा करायला सांगितला. त्यात इब्युप्रोफेनची अर्धी संपलेली पट्टी निघाली. गुडघे दुखले की वडील ती गोळी घेत असत आणि "ते काय औषध आहे होय?" या समजुतीने त्यांनी आजवर कोणत्याही डॉक्टरांना ते सांगितले नव्हते. या गटातील वेदनाशामके रक्तदाब वाढवतात आणि रक्तदाबाच्या काही औषधांचा परिणामही कमी करतात. गुडघ्यांसाठी दुसरा उपाय सुचवून ती गोळी बंद करण्यात आली आणि मूळ औषधाची मात्रा वाढवावी लागली नाही. रुग्ण दवाखान्यात जाताना आपला डबा घरीच ठेवून जातो. इथे डॉक्टरच जणू घरात आले होते. एखाद्या घाईच्या मोजमापावर विसंबून मात्रा ठरवण्यापेक्षा असा निर्णय घेणे त्यांनाही सोपे गेले असावे.

डॉक्टरांना होणारा लाभ एवढ्यावर संपत नाही. अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये सुरू केलेल्या 'एको' प्रकल्पात दूरच्या गावांतील डॉक्टर हिपॅटायटिस सी या आजाराच्या तज्ज्ञांशी व्हिडिओवरून नियमित चर्चा करत आणि आपल्या रुग्णांवर स्वतःच उपचार करत. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा डॉक्टरांच्या उपचारांचे परिणाम विद्यापीठाच्या रुग्णालयाइतकेच चांगले आढळले. रुग्णाला गाव सोडावे लागले नाही आणि गावातल्या डॉक्टरला नवे ज्ञान मिळाले. मी वापरत असलेल्या सेवेत डॉक्टरांना दुसऱ्या तज्ज्ञाचे मत मागवण्याची सोय आहे. माझ्या हातावरच्या चट्ट्याची छायाचित्रे त्याच मार्गाने त्वचारोगतज्ज्ञांकडे गेली आणि उत्तर दुसऱ्या दिवशी आले. त्यासाठी दोघांनाही एकाच वेळी मोकळे असावे लागले नाही. (छायाचित्र दिवसाउजेडी काढावे आणि चट्ट्याशेजारी नाणे ठेवावे, म्हणजे आकाराचा अंदाज येतो.)

एका प्रसंगी मात्र सल्ला मिळालाच नाही, आणि त्याबद्दल मी या सेवेला सर्वांत जास्त गुण देईन. बेंबीजवळ सुरू झालेले माझे दुखणे उजवीकडे खाली सरकले होते. दोन-तीन प्रश्न विचारून डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की पोट हाताने दाबून पाहिल्याशिवाय काहीही बोलणे योग्य होणार नाही, कोणतीही गोळी न घेता आत्ताच्या आत्ता रुग्णालयात जावे. सर्व लक्षणे त्यांनी दोन मिनिटांत लिहून पाठवली आणि तीच चिठ्ठी मी तिथे दाखवली.

तक्रारी आहेतच. आपण डॉक्टर स्वतः निवडले नाहीत, तर दर वेळी नवा चेहरा समोर येतो आणि सारा इतिहास पुन्हा सांगत बसावे लागते. जोडणी तुटल्यावर एकदा मला पुन्हा रांगेच्या शेवटी टाकण्यात आले. वडिलांना कमी ऐकू येते, त्यामुळे माझ्यावाचून त्यांना ही सेवा वापरता येत नाही, आणि मी शेजारी असताना ते काही गोष्टी बोलत नाहीत, हेही माझ्या लक्षात आले आहे. यावर डॉक्टरांनीच तोडगा काढला: आता शेवटची पाच मिनिटे वडील कानात इअरफोन घालून एकटे बोलतात आणि मी खोलीबाहेर थांबतो.

सेवा आम्ही पुढे चालू ठेवली आहे. ईसीजी, रक्ततपासणी आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी यांसाठी वडिलांना पूर्वीप्रमाणेच प्रत्यक्ष घेऊन जातो आणि ते अहवाल पुढच्या भेटीआधी डॉक्टरांकडे पाठवून ठेवतो.