पुणे–कोल्हापूर वाटेवर अर्धा दिवस हाताशी असेल तर: औंध की कणेरी?

माझं माहेर पुण्याचं, सासर कोल्हापूरचं. त्यामुळे महामार्गाचे ते दोनशे तीसेक किलोमीटर मला पाठ आहेत. खंबाटकी उतरली की पोरं उठतात, साताऱ्यात कंदी पेढे, कराडपाशी चहा, आणि उन्हं कलताना पंचगंगेचा पूल. ओळखीतलं कुणी ना कुणी दर सुट्टीला विचारतंच, "वाटेत बघण्यासारखं काय आहे गं? किल्ला नको, सासूबाईंचे गुडघे दुखतात." माझ्याकडून मग दोन नावं निघतात: औंधचं श्रीभवानी संग्रहालय आणि कणेरी मठावरचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय. दोन्हीतलं एकच जमणार असेल तर कोणतं, हा पुढचा प्रश्न ठरलेला. त्यावर मी उलट विचारते, गाडीत कोण कोण आहे?

आधी वाटेचा हिशेब. औंध सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात, महामार्गापासून चांगलंच आत. साताऱ्याहून कोरेगाव, रहिमतपूर करत गेलात की चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर पडतं. परत साताऱ्याला यायची गरज नाही, पुसेसावळीवरून कराडला निघता येतं. सातारा–कराड सरळ गेलात तर बावन्न-त्रेपन्न किलोमीटर, औंधवरून नव्वदच्या आसपास. आकड्यात फरक थोडा दिसतो, पण मधे गावं आहेत, गतिरोधक आहेत, हंगामात उसाच्या ट्रॉल्या आहेत. बघण्याचा वेळ धरून तीन-साडेतीन तास बाजूला काढा. कणेरी त्यामानाने अगदी वाटेवर. कोल्हापूर ओलांडून कागलच्या दिशेने थोडं गेलं की फाटा, शहरापासून दहा-बारा किलोमीटर. निपाणी-आंबोलीमार्गे गोव्याला किंवा बेळगावला निघालेल्यांना तर वळसा असा पडतच नाही.

निव्वळ सोय बघितली तर कणेरी जिंकते. पण सोयीसाठी संग्रहालय बघायचं असेल तर शहरात मॉल आहेतच.

औंधला जायचं ते एका माणसाची आवड बघायला. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे औंध संस्थानचे राजे. संस्थान चिमुकलं आणि तेही तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं, आटपाडी इकडे, कुंडल तिकडे. कुंडलजवळची माळरानाची जमीन १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी दिली ती याच संस्थानाने, तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. बाळासाहेब स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे आणि साऱ्या संस्थानाला सूर्यनमस्कार घालायला लावायचे. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला. त्याच्या आदल्या वर्षी, १९३८ला, यमाई देवीच्या डोंगरावर अर्ध्या वाटेत हे संग्रहालय उभं राहिलं. मुंबईपुण्यात नाही, तर दुष्काळी पट्ट्यातल्या एका खेड्याच्या डोंगरावर! पंतांचा हा हट्ट मला फार आवडतो.

आत राजा रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर अशा चित्रकारांची चित्रं आहेत. शिवाय लघुचित्रं, हस्तिदंती आणि लाकडी कोरीवकाम, पाश्चात्त्य चित्रांच्या नकला. आपण सगळे रविवर्मा बघत मोठे झालो ते छापील तसबिरींतून आणि कॅलेंडरांतून. मूळ तैलचित्रापुढे उभं राहून साडीच्या काठाकडे बघा. चार पावलं मागून लखलखीत जरतार दिसते, नाक जवळ नेलं की जरतार नाहीशी होते आणि उरतात पिवळ्या-तपकिरी रंगाचे ठिपके. मग पुन्हा मागे सरकायचं. माझी पहिल्या खेपेची वीस मिनिटं या मागेपुढे करण्यातच गेली आणि पहारेकऱ्याची नजर माझ्यावर खिळली.

या संग्रहातच हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचं 'आई आणि मूल' आहे. ज्याच्या कामासाठी लोक युरोपातल्या संग्रहालयांचे दरवाजे गाठतात, त्याचा दगड खटाव तालुक्यात बघायला मिळतो. सापडलं नाही तर विचारा. गुळगुळीत, नाकडोळे जेमतेम, आणि तरी आईने मूल कसं धरलंय ते लगेच कळतं. भोवती काटेकोर, हुबेहूब कामांची गर्दी असताना हे एक असं, त्यामुळे ते जास्तच उठून दिसतं.

आता औंधची दुसरी बाजू. सात-आठ वर्षांचं मूल इथे अर्ध्या तासात कंटाळतं, हे मी स्वतःच्या लेकावरून सांगते. हात लावायचा नाही, पळायचं नाही, ओरडायचं नाही, वर सगळी चित्रं भिंतीवर. शिवाय गावात मोठं हॉटेल शोधायला जाऊ नका. डबा घरून घ्या, नाहीतर रहिमतपुरात पोटपूजा उरका. गाडी डोंगरावर वरपर्यंत जाते, त्यामुळे गुडघ्यांची चिंता नको, पण संग्रहालयात उभं राहावं लागतंच.

कणेरीचं गणित सगळंच उलटं. इथे एकही जुनी, मौल्यवान वस्तू नाही. उघड्या मैदानावर सिमेंटच्या, माणसाएवढ्या, रंगवलेल्या मूर्तींनी अख्खं गाव वसवलंय. कुंभाराचं चाक, लोहाराचा भाता, सुताराचा रंधा, मळणी, बाजार, पारावरची माणसं. बारा बलुतेदार पुस्तकात पाठ करून परीक्षेत विसरलेल्या कुणालाही इथे ते चालत चालत भेटतात. काम इतकं बारीक आहे की बैलाच्या मानेवरच्या वळ्यासुद्धा सोडलेल्या नाहीत.

कला म्हणून मी याला औंधच्या पंगतीला बसवणार नाही. पण गेल्या वर्षी सासऱ्यांना घेऊन गेलो तेव्हाचं सांगते. एरवी ते प्रवासात "हं" आणि "बरं" यापलीकडे बोलत नाहीत. मोटेच्या, म्हणजे बैलांकरवी पाणी ओढायच्या विहिरीपाशी आले आणि थांबले. नातवाला म्हणाले, "बैल उताराला जातात ती धाव. मोट रिकामी होते ते थारोळं. थारोळ्यात पाय सोडून बसायचो आम्ही, मोटकरी शिव्या द्यायचा." लेकाने विचारलं, "काय शिव्या द्यायचा?" त्या दोघांना तिथून हलवायला पाऊण तास लागला. इतक्या वर्षांत थारोळं हा शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकला.

ज्यांनी असं गाव पाहिलंय आणि ज्यांनी अजिबात पाहिलेलं नाही, अशी दोन्ही माणसं एकाच गाडीत असतील तर कणेरीला तोड नाही. मधल्या वयाचे, म्हणजे आपण, तिथे नुसते पिशव्या धरायला असतो.

एक गोष्ट मात्र खटकते. हे गाव फार गोड आहे. सगळे हसतमुख, सगळे आपापल्या कामात रमलेले. गावकुसाबाहेर कोण राहायचं, बलुतं म्हणून पदरात काय पडायचं आणि त्यासाठी किती राबावं लागायचं, हे त्या चित्रात जाणवत नाही. आणि हे कोल्हापुरात! इथे तर शाहू महाराजांनी १९१८ साली महारवतनं, म्हणजे वतनाच्या नावाखाली पिढ्यानपिढ्या गावासाठी राबवून घ्यायची पद्धत, रद्द केली होती, ती काही उगाच नव्हे. मुलांना नेलंत तर परतताना हेही त्यांना सांगा, नाहीतर जुनं गाव म्हणजे स्वर्ग असं समजून घरी येतील.

उन्हाचं काय? कणेरी उघड्यावर आहे, तेव्हा मार्च ते मे दुपारी बाराला जाणं म्हणजे शिक्षा. सकाळी लवकर जा किंवा चारनंतर. शनिवार-रविवार आणि सहलींच्या दिवसांत शाळांच्या बसगाड्या रांगेने लागतात, मग निवांत काही बघणं विसरा. औंधला गर्दीची भीती त्यामानाने कमी, उन्हाची तर नाहीच, पण वाराची आहे. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात. बंद दाराला टेकून फोटो काढायचा मान मी एकदा एका गावी मिळवला आहे, तेव्हा निघण्याआधी एक फोन कराच.

मग कुणी कुठे जावं? जोडप्याने, चित्रं काढणाऱ्याने, किंवा एकट्याने गाडी चालवत निघालेल्या माणसाने डोळे मिटून औंध धरावं. गाडीत शाळकरी पोरं आणि सत्तरीचे आजी-आजोबा असतील तर कणेरी. कॉलेजातली मुलं असतील तर त्यांनाच विचारा, नाहीतर दोन्हीकडे गाडीत बसून मोबाईल बघतील.

दोन्ही जमत नाही, हाताशी फक्त तास आहे, असंही होतं. तेव्हा कोल्हापुरात सीपीआर दवाखान्यासमोरच्या टाऊन हॉलमधलं संग्रहालय गाठा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटीशी कांस्यमूर्ती तिथे आहे. रोमशी चालणाऱ्या व्यापाराबरोबर आलेली. समुद्र कुठे, कोल्हापूर कुठे!

मी स्वतः आता जाताना औंध आणि येताना कणेरी असं करते. यमाईला 'ये माई' अशी हाक घातली ती जोतिबाने, असं आमच्याकडे सांगतात, आणि जोतिबाच्या डोंगरावरही यमाईचं देऊळ आहेच. त्यामुळे औंधला वळलो की सासूबाई उशीर झाल्याची तक्रार करत नाहीत. कणेरीला मात्र सासऱ्यांना नेल्याशिवाय जायची सोय राहिलेली नाही. मोटकऱ्याच्या शिव्या अजून पूर्ण सांगून झालेल्या नाहीत म्हणे.