तराजू की गडगा? उपयुक्ततावादाच्या मापाने निर्णय घेण्याआधी

माझा भाचा यंदा गोव्यातल्या आमच्या ग्रामपंचायतीवर पहिल्यांदाच पंच म्हणून निवडून आलाय. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी रस्त्याचा नकाशा काखेत मारून तो आमच्या सोप्यावर येऊन बसला. वरच्या वाड्याचा रस्ता रुंद करायचा, म्हणजे बस वर जाईल, रुग्णवाहिका दारापर्यंत पोचेल. वरच्या वाड्यावर घरे एकशे चाळीस. रुंदीकरणात सापडणारी पाच. त्यातल्या चौघांचे अंगण आणि गडगा (आवाराच्या हद्दीची दगडी भिंत) जाणार, पाचवे घरच अख्खे जाणार. ते एका एकट्या म्हातारीचे, भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) भाटात तीन पिढ्या राहिलेल्या मुंडकार कुटुंबातले, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांतले.

"मामा, एकशे चाळीसांपुढे पाच. ग्रामसभेत हात वर करायला सांगितले की संपले. यात तुझी ती तत्त्वज्ञानाची पुस्तके वेगळे काय सांगणार?"

पुस्तके आधी त्याच्याच बाजूने बोलतात. जेरेमी बेंथम या इंग्रज विचारवंताने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हेच मांडले होते: कृती बरी की वाईट, हे तिच्यामुळे एकंदर सुख किती वाढले आणि दुःख किती घटले यावर ठरवा. याला आपण उपयुक्ततावाद म्हणतो. मी सोयीसाठी त्याला तराजू म्हणेन. समोरचा पक्ष इमान्युएल कांटचा. १७८५ मध्ये त्याने लिहिले की माणसाला कधीही नुसते साधन म्हणून वापरू नका, तो स्वतःच साध्य आहे. काही गोष्टी परिणाम कितीही गोड असले तरी करायच्याच नाहीत. हा गडगा. गडगा म्हणजे काय ते गोव्यात कुणाला सांगायला नको. अर्धा मीटर सरकला तरी दोन घरे कोर्टात जातात.

निर्णय घ्यायला यातले कुठले माप हाताशी धरावे?

तराजूवर नेहमीचा आरोप असा की तो बहुमताचा खेळ आहे. हा आरोप अर्धवट वाचनातून येतो. बेंथमने सुखदुःख मोजायची सात मापे दिली होती: ते किती तीव्र, किती टिकणारे, किती खात्रीचे, किती लवकर मिळणारे, त्यातून पुढे आणखी सुख निपजते का, त्यात दुःखाची भेसळ किती, आणि शेवटी ते किती जणांपर्यंत पोचते. भाच्याने फक्त सातवे माप लावले होते. पहिली दोन लावली तरी म्हातारीचे पारडे बरेच खाली येते. एकशे चाळीस घरांची दहा मिनिटांची पायपीट वाचणे आणि एका बाईचे छप्पर जाणे, या दोन गोष्टी बेंथमही एका मापाने मोजत नाही.

मतमोजणी आणि सुखमोजणी यांतला हा फरक आमच्यासारख्या घरांना तरी कळायला हवा. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. माझे वडील हरलेल्या बाजूचे. निकाल त्यांनी मान्य केला, पण मतपेटीत तीव्रता मोजली जात नाही हे वाक्य मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकले. कौल मतांवर लागणे योग्यच होते. ती निर्णयाची रीत होती, कुणाचे सुख किती याचा हिशेब नव्हे. ग्रामसभेतले वर केलेले हातही तसेच.

तराजूची खरी ताकद दुसरीकडे आहे. तो माणसाचे कूळ विचारत नाही. भाटकाराचे सुख आणि मुंडकाराचे सुख त्याच्या लेखी एकाच वजनाचे. जॉन स्टुअर्ट मिल हा बेंथमच्या मुशीतला. त्याने १८६७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात बायकांना मताधिकार द्यावा अशी दुरुस्ती मांडली, ती याच बळावर. बेंथमने तर जनावरांचाही प्रश्न काढला: त्यांना विचार करता येतो का हे सोडा, त्यांना वेदना होतात का ते सांगा. अठराव्या शतकात हे लिहायला धाडस लागत होते. आपल्याकडेही १९७५ चा मुंडकार कायदा किंवा १९७६ ची कूळ कायद्यातली दुरुस्ती याच हिशेबाने सहज पटवून देता येते. मूठभरांच्या मालकीपेक्षा कित्येकांच्या डोक्यावरचे छप्पर आणि हातातली जमीन जड. इथे गडगा मालकाच्या बाजूने वापरला गेला असता, हे विसरू नये. "माझा हक्क" म्हणणारा दर वेळी गरीबच असतो असे नाही.

शिवाय तराजू माहिती मागतो. कांटला मानणारा माणूस खोलीत बसून नियम सांगू शकतो. बेंथमवाल्याला उठून वाड्यावर जावे लागते, किती जण आजारी, बस किती वाजता, विहीर कुठे, हे विचारावे लागते. निदान लागायला हवे. आणि एक खाट, दोन रुग्ण अशी वेळ आली की गडगा जवळजवळ मुका होतो. कुणालाही साधन बनवू नको, हे ठीक, पण खाट कुणाला? तिथे कोण वाचण्याची शक्यता जास्त, हे विचारण्यावाचून डॉक्टरला गत्यंतर नसते. कांटने १७९७ मधल्या एका निबंधात तर असे लिहिले की खुनी माणूस तुमच्या दारात येऊन तुमचा मित्र कुठे लपलाय असे विचारत असेल, तरी खोटे बोलू नका. हे वाचून माझ्या आईने विचारले असते, "ह्याला घर होते का?"

मग तराजू घेऊन मोकळे का होऊ नये? कुर्डीकडे बघा.

सांगे तालुक्यातले कुर्डी, मोगूबाई कुर्डीकरांचे गाव, साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. सहाशेहून अधिक कुटुंबांना वाडे आणि वालकिणी इथे हलवले. हिशेब सरळ आहे: दक्षिण गोव्यातल्या नळांना पाणी मिळाले, शेतांना मिळाले. मडगावच्या नातेवाइकांकडे मी तेच पाणी पितो, म्हणून धरण व्हायला नको होते असे म्हणायला मला तोंड नाही. पण दर मे महिन्यात पाणी ओसरले की कुर्डी वर येते. घरांचे जोते, सुकलेल्या माडांचे बुंधे, भेगाळलेली जमीन. कुर्डीकर तेव्हा जमतात, सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, ख्रिस्ती कुटुंबे आपल्या चॅपेलचे फेस्त करतात. कुर्डीचे जुने महादेवाचे देऊळ पुरातत्त्ववाल्यांनी दगड दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभे केले. दगड हलवता येतात.

अडचण इथे आहे. माणूस दात उपटून घेतो तेव्हा आजचे दुःख त्याचे आणि उद्याचा आरामही त्याचाच. कुर्डीत दुःख एकाचे आणि आराम दुसऱ्याचा. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने १९७१ मध्ये उपयुक्ततावादाला हाच मुद्दा लावला: तो समाजाला एकच मोठा माणूस समजून बेरीज वजाबाकी करतो, माणसे वेगवेगळी आहेत हे मनावर घेत नाही. बेरीज बरोबर येते, पण ज्याच्या खात्यातून काढले त्याच्याच खात्यात परत टाकले का, ही नोंद त्या वहीत नाही.

आता नदी बदला. म्हादई जलविवाद लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले, त्यात हुबळी-धारवाड भागाच्या पिण्याच्या पाण्याची मागणीही होती. नुसती डोकी मोजली तर सगळ्या गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या आसपास, आणि पलीकडे कोट्यवधींचे राज्य. कुर्डीच्या वेळी "पुष्कळांसाठी थोड्यांनी सोसायचे" म्हणणारे आम्ही म्हादईच्या वेळी एका रात्रीत कांटचे शिष्य झालो. नदी वळवता येत नाही, खोऱ्याचे पाणी खोऱ्यातच, म्हादई आमची आई. गोव्याची बाजू खोटी आहे असे मला म्हणायचे नाही. अभयारण्ये, खाजने (खाडीकाठची बांध घातलेली शेते), नदीत वर चढणारे खारे पाणी यांचा हिशेब घातला तर तराजूवरही ती उभी राहते. माझा रोख माप बदलण्याच्या वेगावर आहे. आपण पुष्कळांत असलो की तराजू, थोड्यांत असलो की गडगा, असे होत असेल तर आपल्या हातात दोन्ही नाहीत, फक्त सोय आहे.

गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींवर थोडक्यात. २०१२ ची बंदी आणि मग १६ मार्च २०१८ पासून ८८ लीजांचे काम थांबले, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगेतल्या ट्रकवाल्यांचे, बार्जवाल्यांचे, गॅरेजवाल्यांचे हाल झाले, ते खोटे नव्हते. दुसऱ्या पारड्यात गाळाने भरलेली शेते आणि आटलेल्या विहिरी. पण तराजूला सगळ्यात जड जाते ते तिसरे पारडे: अजून जन्मलेच नाहीत त्यांचे. ग्रामसभेत त्यांचा हात वर होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीतला १० टक्के वाटा कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितले, तो पुढच्या पिढ्यांच्या न्यायासाठी. उपयुक्ततावाद त्यांना मोजू नका असे मुळीच सांगत नाही. मोजायला बसलेला माणूस आजचा असतो, एवढेच.

मोजणारा कोण, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. मिल १८२३ ते १८५८ ईस्ट इंडिया कंपनीत नोकरीला होता. स्वातंत्र्यावर १८५९ मध्ये त्याने लिहिले, आणि तिथेच नमूद केले की 'रानटी' लोकांवर हुकूमशाही चालेल, हेतू त्यांच्या भल्याचा असला म्हणजे झाले. साडेचारशे वर्षे परक्यांच्या राज्यात काढलेल्या गोंयकाराला "तुमच्या भल्यासाठी" या शब्दांची चव ठाऊक आहे. तराजू निर्दोष असेलही, दुकानदाराचे काय?

लोकमान्यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात याच मताला 'पुष्कळांचे पुष्कळ सुख' म्हणून चांगलेच धारेवर धरले आहे. त्यांचे एक उदाहरण मला रॉल्सपेक्षाही आवडते. कौरवांकडे अकरा अक्षौहिणी, पांडवांकडे सात. पांडव हरले असते तर सुखी झालेल्यांची संख्या जास्त भरली असती, मग पांडवांची बाजू अन्यायाची ठरते का? दुसरे एका अमेरिकन शहरातल्या ट्रामचे. परवानगी लवकर मिळावी म्हणून व्यवस्थापकाने लाच दिली, ट्राम झाली, सगळ्या शहराची सोय झाली, तरी शेवटी त्याला शिक्षा झाली. आमच्या पंचायतीत ही गोष्ट वाचून दाखवावी असे मला नेहमी वाटते, कारण "पण काम झाले ना?" हे वाक्य तिथे फार ऐकू येते. टिळकांचा रोख कर्त्याच्या बुद्धीवर आहे, नुसत्या फळावर नाही. मला तो पूर्ण पटत नाही, शुद्ध बुद्धीने केलेले वाटोळेही वाटोळेच असते. पण फळाची बेरीज करताना हात स्वच्छ होते का, हे विचारायचे सोडता येत नाही.

तराजूची आणखी एक कुरकुर घरगुती आहे. पूर्व बंगालमधल्या निर्वासितांची उपासमार डोळ्यांपुढे ठेवून पीटर सिंगरने १९७२ मध्ये विचारले की दूरच्या मुलाचा जीव जवळच्यापेक्षा स्वस्त का? उत्तर देता येत नाही. पण हा हिशेब कडेला नेला तर चवथीच्या माटोळीवर (गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या सजावटीवर), भाच्याच्या मुंजीवर खर्च केलेला एकेक रुपया चोरीचा ठरतो. असे जगणारा संत असेल. मामा असणार नाही.

नियम-उपयुक्ततावाद नावाची मधली वाटही आहे: प्रत्येक कृतीची बेरीज करू नका, जे नियम पाळल्याने एकंदर भले होते ते पाळा. सिग्नल लाल असेल तर रस्ता मोकळा असूनही थांबा. रोजच्या कारभाराला हे पुरते. अपवाद मागणारा दारात उभा राहिला की ते पुन्हा तराजूकडे किंवा गडग्याकडे पळते.

भाच्याला मी शेवटी जे सांगितले ते असे. नुकसान लहान असेल, पुष्कळांत वाटले जाणार असेल आणि भरून येण्यासारखे असेल, तर तराजू काढ. चार अंगणांचे तसे आहे. गडगे पुन्हा बांधून देता येतात, पैसे आधी हातात पडले तर बहुतेक लोक कुरकुरत का होईना मान्य करतात. नुकसान एकाच घरावर कोसळत असेल, परत फिरवता येत नसेल, आणि मोजणाऱ्याचा स्वतःचा फायदा दुसऱ्या पारड्यात असेल (त्याचे मतदार सगळे वरच्या वाड्यावरचे आहेत), तर आधी गडगा बघ. म्हणजे त्या घराला हात न लावता रस्ता जातो का, हे आधी शोध. नसेलच जात, तर म्हातारीला विचारून आणि तिला दुसरे घर उभे करून देऊन मग पुढे, उलट्या क्रमाने नाही. आणि प्रत्येक वेळी हीच बेरीज म्हादईच्या काठावर उभे राहून एकदा वाच.

"म्हणजे तू दोन्ही सांगितलेस," तो म्हणाला.

"क्रम सांगितला."

पुढच्या रविवारी ग्रामसभेआधी तो टेप घेऊन गेला. वळणावर भाटकाराच्या बाजूने दोन मीटर मिळू शकतात असे निघाले. तसे झाल्यास चार माड जातील, घर राहील. भाटकार अजून हो म्हणालेला नाही. म्हातारीने त्याला चहा दिला आणि तिने एकच गोष्ट विचारली, बस सकाळी किती वाजता सुटणार, कारण महिन्यातून दोनदा तिला औषधासाठी फोंड्याला जावे लागते. भाच्याने वही उघडून बघितली. एकशे चाळीसांत त्याने तिला धरलेच नव्हते.