दीड टनी इन्व्हर्टर एसी (आर-32): मशीन झकास, फिटिंगवाले वैताग

अकोल्यात पहिला पाऊस पडून गेला की कूलर काही कामाचा राहत नाही, नुसती चिकचिक, म्हणून जुना स्प्लिट भंगारात काढला आणि फाइव्ह स्टार इन्व्हर्टर घेतला. कूलिंग एक नंबर, 26 वर ठेवला तरी खोली पटकन गार होते, आवाज नाही, बिलही जुन्यापेक्षा कमी. रिमोटची बटणं मात्र अंधारात दिसत नाहीत, ही कोणाची आयडिया देव जाणे.

आता एसीत गारव्यासाठी भरतात त्या गॅसचं. शोरूमवाला म्हणतो "एकदम इको फ्रेंडली सर". अर्धंच खरंय. आर-32 ने ओझोनला धक्का लागत नाही, पण हवेत सुटला तर 100 वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या 675 पट पृथ्वी तापवतो. त्याआधी एसीत यायचा तो आर-410ए तर 2088 पट, त्यामानाने आर-32 बरा म्हणायचा. आर-290 म्हणजे प्रोपेन, तो सगळ्यात चांगला, पण लगेच पेट घेतो म्हणून बऱ्याच कंपन्या बिचकतात.

हवामान परिषदांमध्ये पैसे कोणी द्यायचे यावरून वर्षानुवर्षं घासाघीस चालते, पण या गॅसच्या बाबतीत जमलं बुवा. 1987 चा ओझोन वाचवायचा माँट्रियल करार सगळ्या देशांनी मान्य केला, मग 2016 ला रवांडात किगालीला रात्रभर बसून त्यात हे एचएफसी गॅसही (आर-32, आर-410ए याच जातीचे) घातले. श्रीमंत देशांची कपात 2019 पासून, चीनला 2024 ला वाढ थांबवायची होती, आपल्याला 2028 ला, आणि 2047 पर्यंत 85 टक्के कमी करायचेत. आपल्याकडे आत्ता कुठे घराघरात एसी येतायत, तेव्हा ही जादा मुदत मागून घेतली ते बरोबरच केलं, शिवाय कारखाने बदलायला श्रीमंत देशांच्या पैशातून फंड आहे.

आणि फिटिंगवाला काय करतो? जुन्यात आर-22 होता, ओझोनलाही वाईट आणि 1810 पट तापवणारा. गॅस काढून घ्यायचं मशीन कुठंय विचारलं तर हसला, "साहेब ते कोण आणतं", नळी कापली, फुस्स! जवळपास 200 देशांनी मिळून ठरवलेलं आमच्या गच्चीवर एका पकडीत हवेत. वर कॉपर पाइपचे जादा पैसे घेतले ते वेगळेच.

मशीनला 4 स्टार, फिटिंगला 1. बुक करतानाच जुना गॅस कसा काढणार आणि पाइपचा मीटरमागे रेट काय ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, तोंडी बोललेलं नंतर कोणी मानत नाही.