भायखळ्याचं भाऊ दाजी की काळा घोड्याचं म्युझियम? एकच दिवस असेल तर

आधी एवढं ठरवा की तुम्हाला वस्तू बघायच्यात की त्या काळात वस्तू मांडायचे कशा ते बघायचंय. मांडणीसाठी जाणार असाल तर सरळ भायखळ्याची राणीची बाग गाठा, भाऊ दाजी तिथेच आहे.

भाऊ दाजी लाड म्युझियम १८७२ चं, लंडनच्या १८५१ च्या ग्रेट एक्झिबिशननंतर, म्हणजे देशोदेशीच्या वस्तूंच्या त्या प्रचंड प्रदर्शनानंतर, वीसेक वर्षांत उघडलेलं, आणि आत पाय टाकला की ते जाणवतंच. एकच लांबलचक उंच हॉल, बीडाचे खांब, वर चौफेर फिरणारी गॅलरी, पायाखाली इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या टाइल्स, वर सोनेरी नक्षी. दारात उभं राहिलं की सगळं एका नजरेत येतं, आणि हीच तेव्हाची आदर्श प्रदर्शनाची कल्पना होती, अख्खा देश कपाटांत बसवून समोर ठेवायचा. मातीच्या छोट्या मूर्ती सावकाश बघा, कोणाची जात कुठली, धंदा काय, पगडी कशी, सगळी वर्गवारी केलेली. कारागिरी अप्रतिम आहे, पण आपल्याच पणजोबांना असं नमुना म्हणून मांडलेलं बघून मला दरवेळी आत कालवतं आणि तरीही मी दरवेळी तिथेच जास्त वेळ थांबते. आणि हे सगळं नुसतं साहेबाचं काम नाही हं, नाना शंकरशेट आणि भाऊ दाजींनी लोकांकडून वर्गणी गोळा केली होती.

काळा घोड्याचं (आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) वेगळं. पायाभरणी १९०५, आर्किटेक्ट जॉर्ज विटेट, बिल्डिंग झाली १९१४ ला पण युद्धामुळे तिथे लष्करी हॉस्पिटल आलं, म्युझियम उघडलं थेट १९२२ ला. घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला, दगड कुर्ल्याचा काळा नि मालाडचा पिवळसर. इथे सगळं एकदम दिसत नाही, घुमटाखालच्या हॉलमधून एकेका दालनात शिरायचं, त्यामुळे प्रत्येक मूर्तीला, मिनिएचर पेंटिंगला तिची जागा मिळते. संग्रह म्हणून हेच खूप मोठं, टाटांनी दिलेल्या वस्तूही इथेच, लहान मुलं सोबत असतील तर प्राण्यांच्या दालनासाठी इथेच न्या आणि अर्धा दिवस तरी ठेवा.

भायखळ्याला दीड-दोन तास पुरतात, फक्त बुधवारी जाऊ नका, बंद असतं. आणि बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे तो बघूनच निघा, पोर्तुगीज त्या बेटाला एलिफंटा म्हणायला लागले ते ह्याच हत्तीमुळे.