आबांचा जोंगा, सहा सिलिंडर आणि 407 चा टर्बो

ज्या वर्कशॉपनं आबांच्या जोंग्याचं इंजिन केलं त्याचं नाव लिहिणार नाही, आधीच सांगते. तिथल्या मिस्त्रीमामांनीच बजावलंय, "मॅडम, काय लिवायचं ते लिवा, पर नाव घालू नका. आधीच चार इंजिनं उघडी पडल्यात." कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिरून जुनी सहा सिलिंडरची इंजिनं कोण उघडतं असं दोन दुकानांत विचारलंत, तर तिसरा माणूस बोट दाखवेल.

गाडी आबांची. सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी लष्कराच्या लिलावात जोंगा घेतला. जबलपूरच्या लष्करी कारखान्यात 1969 ते 1999 या काळात बनलेली ही निसानच्या घराण्यातली जीपसारखी गाडी. आत 3956 सीसीचं पेट्रोल इंजिन, सहा सिलिंडर एका रांगेत, ताकद कागदावर 110 हॉर्सपॉवर. आमच्याकडे ज्यांच्याकडे जोंगा आहे त्यातल्या बहुतेकांनी कधीच डिझेल इंजिन बसवून घेतलंय. आबांनी शेवटपर्यंत बसवलं नाही. ते गेल्यावर गाडी माझ्याकडे आली आणि मला मूळ इंजिन ठेवूनच ताकद हवी होती. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. इथं हवेचा दाबच सहा टक्क्यांच्या आसपास कमी, पन्हाळ्यावर त्याहून कमी. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळं हे गणित मला दर चढाला टोचायचं.

पहिल्या दिवशी मामांचा मुलगा म्हणाला, "ताई, साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो." साहेबांना गाडीतला फक्त हॉर्न कळतो, असं सांगितल्यावर मामा आतून हसत बाहेर आले. त्यानंतर मी 'मॅडम' झाले.

टर्बोचा, म्हणजे एक्झॉस्टच्या धुरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्याचा, विषय मामांनी त्या दिवशी काढूच दिला नाही. सहाही प्लग काढले आणि गेज लावून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबतो ते, बघितलं. पाच सिलिंडर 115 ते 120 च्या दरम्यान, चौथा 84. "फुटक्या घागरीला मोठा नळ लावून काय करायचं?" म्हणाले. चौथ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलेला निघाला. मग व्हॉल्व्ह सीट, रिंगा, बेअरिंग, हेड प्लेन करणं असं सगळं ओघानं आलं. खरं सांगायचं तर टर्बो बसवायला लागले तेरा दिवस आणि इंजिन टर्बोच्या लायकीचं करायला लागले तीन महिने. मी या वर्कशॉपची शिफारस करते ती त्या तीन महिन्यांसाठी. दुसऱ्या एका ठिकाणी मला इंजिन न उघडता "आठवड्यात बसवून देतो" असं सांगितलं होतं.

कार्बुरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, टर्बोच्या आधी ठेवायचा की नंतर, यावर आमची बरीच वादावादी झाली. शेवरोलेनं 1962 मध्ये सहा सिलिंडरच्याच कॉर्वेअरला टर्बो लावला तेव्हा कार्बुरेटर आधी ठेवला होता. म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळूनच टर्बोतून जायची. मी फोटो दाखवला. मामांनी चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, "एवढा लांब पाइप पेट्रोलच्या वाफंनं भरलेला, आणि बॅकफायर झालं तर?" मुद्दा बिनतोड होता. म्हणून टर्बोनं दाबलेली हवा कार्बुरेटरवर सोडायची असं ठरलं.

पण त्यात एक मेख आहे. बाहेरून दाब आला की कार्बुरेटरच्या फटीफटींतून पेट्रोल गळतं, आतला तरंगता फ्लोट चेपतो. उपाय म्हणजे सबंध कार्बुरेटरच हवाबंद डब्यात बसवायचा, म्हणजे आत-बाहेर दाब सारखाच. असा डबा विकत कुठं मिळणार? इथं कोल्हापूर कामाला आलं. मामांनी सागवानी पॅटर्न करून घेतला, शेजारच्या फाउंड्रीत वाळूत दाबला, ॲल्युमिनियम ओतलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा डबा फळीवर पडलेला. अंगावर वाळूचे दाणे चिकटलेले, कडांना पापुद्रे आलेले. मुलगा कानसीनं एकेक कड उतरवत होता आणि दर चार घासांनी अंगठा फिरवून बघत होता. झाकणाच्या खाचेत रबरी दोरी बसवली, साबणाचं पाणी लावून हवा भरली, एकही बुडबुडा आला नाही. पेट्रोलचा पंपही बदलावा लागला, कारण डब्यातल्या दाबापेक्षा पेट्रोलचा दाब नेहमी वरचढ राहायला हवा. एक्झॉस्टला साखर कारखान्यात वाफेच्या लाइनला वापरतात तसले जाड बेंड वेल्ड केले.

टर्बो टाटा 407 या डिझेल ट्रकचा, दुरुस्त केलेला. इथं माझं मन अजून पूर्ण भरलेलं नाही. पेट्रोल इंजिनाचा धूर डिझेलपेक्षा बराच तापतो. जोर लावला की नऊशे अंशांच्या पुढं जाऊ शकतो आणि डिझेलचा टर्बो त्यासाठी बनवलेला नसतो. मामांचं म्हणणं, मिश्रण थोडं जाड, म्हणजे पेट्रोल जरा जास्त, ठेवू, बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, कमी ठेवू. जादा धूर बाजूनं सोडून दाब आवरणाऱ्या वेस्टगेटची स्प्रिंग डिझेलच्या दाबाची होती, ती बदलून नरम घातली. आता सुई पाच पीएसआयच्या वर जात नाही. जुन्या हेड गॅस्केटला तेवढं पुरे. किती वर्षं टिकेल ते कळेलच.

आता तक्रार. गाडी मिळाली त्या संध्याकाळी रंकाळ्यावर गेले. सिग्नलला थांबले आणि मागून असा निळा धूर निघाला की भेळवाल्यानं गाडा हलवला. फोन केला तर उत्तर आलं, "रिंगा बसायच्यात अजून. पाचशे किलोमीटर चालवा." नव्या रिंगा एवढ्या धुरत नाहीत. घरी येऊन गाडीखाली आडवी झाले, टॉर्च मारला. टर्बोतून तेल परत इंजिनाच्या तळाच्या चेंबरला नेणारा पाइप अर्ध्या इंचाचा आणि मध्येच झोळीसारखा लोंबलेला. टर्बोत तेल शिरतं दाबानं, पण परत येतं फक्त स्वतःच्या वजनानं, तेही फेसाळून. त्याला रुंद आणि सरळ उताराचा रस्ता लागतो, नाहीतर ते आत तुंबतं आणि सीलमधून एक्झॉस्टमध्ये उतरतं. मी फोटो पाठवला. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी मुलगा स्वतः येऊन गाडी घेऊन गेला. चेंबरला तेलाच्या पातळीच्या वर नवा निपल मारला, जाड पाइप सरळ खाली सोडला. धूर बंद. पैसे घेतले नाहीत. 'चुकलं' एवढंही म्हणाले नाहीत, पण चहा मात्र दोनदा आला.

ताकद मोजणाऱ्या डायनोवर गाडी चढवलेली नाही, त्यामुळं हॉर्सपॉवरचा आकडा फेकणार नाही. वाघबीळपासून पन्हाळ्याचा चढ सांगते. जिथं आबा पहिला गिअर टाकून "चल गं म्हाताऱ्ये" म्हणायचे, ती वळणं आता दुसऱ्यात निघतात आणि पाय निम्माच दाबावा लागतो. साधारण दीड हजार आरपीएमनंतर आतून बारीक शिट्टी सुरू होते. सपाट रस्त्यावर फरक फारसा जाणवत नाही, उगाच कुणाला शर्यतीची स्वप्नं पडायला नकोत. ॲव्हरेज पाचाचं सव्वाचारवर आलं. नव्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर ठोका कमी, पण कार्बुरेटरमधले पेट्रोल सोडणारे जेट मोठे घालावे लागले आणि कार्बुरेटरचं जुनं रबर फुगलं. आमच्याच उसाचं इथेनॉल, तक्रार कुणाकडं करणार?

एकूण खर्च 1,92,000. सांगितले होते दीड लाख. मुदत सहा आठवड्यांची होती, ती ओलांडून मध्ये गणपती, दसरा आणि दिवाळी होऊन गेली. त्याहून जास्त राग बिलाचा आला. त्यावर फक्त 'इंजिन काम, लमसम' एवढंच लिहिलंय. गाडीत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, आणि 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही मूळ बनावटीला सोडून केलेल्या बदलांवर बोट ठेवलंय. आरटीओत दाखवायला कामाचा तपशील हवा, तो मी तीनदा मागितला. वर्कशॉपनं यातलं आधी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तुम्ही आधी आरटीओत जा, मग मिस्त्रीकडं. मी उलटं केलं आणि आता हेलपाटे घालतेय. कागद होईपर्यंत गाडी दारातच.

रोज सकाळी नुसती चालू करून ठेवते. बंद करायच्या आधी टर्बो थंड होईपर्यंत दोन मिनिटं तेल फिरू द्यावं लागतं, म्हणून लगेच किल्ली काढत नाही. त्या दोन मिनिटांत आई न चुकता दार उघडते आणि विचारते, "निघालीस का आलीस?"